लीलाकाकू आणि मोतीचे वजन

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुपारी, बुरहानपूरच्या सिंधीपुऱ्यात, लीलाकाकू चौधरी यांच्या अंगणात मोती हा त्यांचा कुत्रा मागच्या पायांवर उभा राहू शकला नाही. तो डॅशहंड जातीचा, म्हणजे लांब पाठीचा आणि आखूड पायांचा. वय तीन वर्षे, वजन चौदा किलो. त्याच्या अंगकाठीला नऊ-साडेनऊ किलो पुरे होते, हे त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले.

लीलाकाकू मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालत आणि मैदानाच्या पलीकडे पोहोचेल अशा आवाजात बोलत. यजमान गेल्यानंतर घरात त्या एकट्या होत्या. इंदूरला नोकरी करणाऱ्या विनयने, त्यांच्या मुलाने, सोबतीला म्हणून हे पिल्लू आणून दिले. त्यांचे घर माझ्या घरासमोर आहे. पुढचे बरेचसे मी माझ्या ओट्यावरून पाहिले.

पिल्लू वर्षाचे झाले आणि वाढायचे थांबले. या जातीचे तसेच असते, पण गल्लीला ते मान्य नव्हते. शेजारच्या मंदाताईंचे माहेर फोपनारचे. त्या म्हणत, "आमच्या केळीच्या मळ्यातले कुत्रे वासराएवढे असतात काकू. हा तर मुंगूस राहिला. पोटभर घालता की नाही?" काकूंनाही ते लागले. त्यांनी दुधाची वाटी वाढवली. बाकीचे गल्लीने पूर्ण केले.

आमच्याकडे पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. पूर्वी ती शेवटची पोळी चौकातल्या मोकाट कुत्र्यांना जाई. मोती आल्यावर घरोघरच्या बायकांना चौकापर्यंत जाण्याचे कारण उरले नाही. पोळी मोतीला घातली की दिवसाचे पुण्य पदरात. प्रत्येक घराला वाटे, आपण एकच तर घालतो. त्यावर सणासुदीला मावा जिलेबी. पोळ्याच्या दिवशी प्रत्येक घरातून पुरणपोळी आली.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी मोतीच्या पाठीवरून हात फिरवला. मणक्यावर दाब आला होता. औषधे आणि काही आठवडे एका जागी पूर्ण विश्रांती, असे त्यांनी सांगितले. "पाय परत येतील असं वाटतं. पण वजन उतरलं नाही तर पुन्हा जातील, आणि तेव्हा मी काही करू शकणार नाही. मात्र उपाशी ठेवू नका. हळूहळू उतरवा." मग त्यांनी काकूंचा हात धरून मोतीच्या कुशीवर ठेवला. बरगडी हाताला लागत नव्हती.

"बरगडी बोटाला लागली पाहिजे, डोळ्याला दिसायला नको. वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

"समजलं," काकू म्हणाल्या. "मोठं व्हायचं होतं तेवढा झाला हा. आता फक्त चालायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाला झाकणाचा डबा टांगला आणि शेवटची पोळी त्यात टाका असे घरोघर जाऊन सांगितले. मंदाताई चिडल्या. "दारातल्या कुत्र्याला उपाशी ठेवून पोळी डब्यात? पाप लागेल काकू."

"पाप लागलं तर माझ्या नावावर टाक. पुण्य तुझं, पाय माझे. मी जाते चौकात."

त्या रोज गेल्या. मोतीला घरात ठेवून, डबा हातात घेऊन, पावसाळ्यात छत्री धरून. चौकातली कुत्री त्यांना पाहून रांगेत बसत नसत, याचाही त्यांना राग येई. "पंधरा दिवसांत शिस्त लावते यांना," त्या म्हणत. ती लागली नाही.

मोतीचे पाय परत आले. आधी तो लटपटत चालला, मग नीट. दर रविवारी काकू त्याला राजूभाऊंच्या धान्याच्या दुकानात नेऊन तोलकाट्यावर बसवत.

"काय भाव काकू आज?" राजूभाऊ विचारत.

"भाव तुझ्या गव्हाचा सांग. याचं वजन बोल."

दिवाळीपर्यंत वजन बाराच्या खाली आले. त्यानंतरच्या दोन रविवारी ते चढले. काकूंनी घरातला आहार तपासला. चूक सापडली नाही. तेव्हा त्यांनी संध्याकाळी गल्लीतल्या बायकांना अंगणात बोलावले आणि मोतीला मध्ये उभे केले.

"एकेकीनं हात लावा. बरगडी लागते का सांगा."

एकेकीने हात लावला. मंदाताईंची पाळी आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही.

"जिलेबी दिली काकू. मागच्या दारानं. जास्त नाही, बस थोडी थोडी. असा बघतो ना, राहवत नाही."

"डोळे तो तुला दाखवतो मंदा. पाठ मला दाखवतो. माया करायची तर हातानं कर, ताटानं नको."

"मग तो माझ्याकडे येणार कशाला?"

"सकाळी फिरायला ने. कसा येत नाही बघ."

मंदाताई नेऊ लागल्या. पहिल्या दिवशी चप्पल तुटली म्हणून अर्ध्यातून परतल्या. काकूंनी त्यांना आपले जुने कॅनव्हासचे बूट दिले. गल्लीत पुष्कळ हसणे झाले. "मंदा, आता शाळेत नाव घाल," असे त्यांचे यजमान सगळ्यांदेखत म्हणाले. त्या बूट घालून जात राहिल्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी काट्याने साडेनऊ दाखवले. "आता इथेच थांबायचं," काकू मोतीला म्हणाल्या आणि राजूभाऊंनी पुढे केलेला गूळ परत दिला.

गेल्या माघात लीलाकाकू हृदयविकाराने गेल्या. दुखणे दोन दिवसांचे होते. त्या दोन दिवसांतही फाटकावरचा डबा चौकात गेला की नाही, हे त्यांनी दोनदा विचारले.

तेराव्याला काकूंच्या घरी स्वयंपाक झाला. गुरुजींनी गाईचे, कावळ्याचे आणि कुत्र्याचे पान वेगळे काढायला सांगितले. कुत्र्याच्या पानावर खीर, वडे, पुऱ्या आणि जिलेबी वाढली गेली. विनयने मोतीला हाक मारली. बोलावलेली माणसे बाजूला झाली. मोती शेपटी हलवत पुढे आला.

"थांब विनय," मंदाताई म्हणाल्या.

"मंदामावशी, आईचं पान आहे. आज तरी खाऊ दे त्याला."

"आईचं आहे म्हणूनच."

गुरुजींनी विचारले, "मग श्वानाला कोण देणार?"

"गल्लीत काय एकच कुत्रा आहे का, गुरुजी?"

मंदाताईंनी पान दोन्ही हातांनी उचलले आणि चौकात नेले. त्या परत आल्यावर बाकीची पंगत बसली. मोती आता मंदाताईंकडे राहतो. मागच्या रविवारी राजूभाऊंच्या काट्यावर त्याचे वजन नऊ किलो चारशे ग्रॅम भरले.