तळ्यात अडकवायची होडी

गाझियाबादच्या पुढे नव्या वसाहतीत आम्ही फ्लॅट घेतला तो तळ्यासाठी. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात तळं होतं आणि त्यात शिडाची होडी होती. ताबा मिळाला तेव्हा खिडकीखाली बांधकामाच्या पाण्यासाठी खणलेलं एक लांबरुंद डबकं होतं. मी पॅन्ट वर करून उतरलो. पाणी गुडघ्याइतकं, खाली चिखल.

बिल्डरचा मॅनेजर म्हणाला, "झील तो झील है, भाईसाब. नाव आप ले आइए."

करोल बागेतलं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान मी शून्यातून उभं केलं आहे. तोंडी शब्दावर मी साधा नटबोल्टही उचलत नाही. त्याच्याच टेबलावर दोन प्रतींत लिहून घेतलं: रहिवाशाची होडी तळ्यात अडली, तर कंपनी ते आणखी चार फूट खोदून देईल; चालली, तर तळं पूर्ण झाल्याचं रहिवासी लिहून देईल. मजकूर माझा. त्याने न वाचता सही केली, याचा मला आनंद झाला.

म्हणजे मला अडकणारी होडी हवी होती. पण लबाडी केली असं कुणी म्हणता कामा नये. चित्रातल्या होडीला शीड होतं, आणि शिडाच्या होडीला तळाखाली खोल उभी फळी असते, नाहीतर ती वाऱ्याने कलंडते. तशीच फळी मी लावणार होतो. लहानपणी किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होड्या पाहिल्या होत्या, एवढंच माझं ज्ञान. आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं करणारा सुतार बिहारचा, गंगेकाठचा. त्याला धरलं.

"ये नीचे फट्टा काहे को, साहब? नाव गड़ जाएगी."

"मालूम है. तू लगा."

तो कामाला लागला. पार्किंगच्या जागेत सांगाडा उभा राहिला. प्लायवर उकळतं पाणी ओतून त्याने त्याला बाक दिला, सांध्यांत डांबर भरलं. रंगकाम मी घेतलं. पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, पुन्हा पेपर, मग नव्या मोटारींचा निळा रंग, दोन हात. चार रविवार त्यात गेले.

बायको म्हणाली, "चिखलात रुतवायच्या होडीचा तळ एवढा कशाला घासताय?"

"रंग नीट बसायला नको?"

"कुणाला दिसणार आहे तो?"

मी तिच्यावर ओरडलो आणि घासत राहिलो. दुसरा हात वाळल्यावर तळावर गच्चीचा कठडा आरशात दिसावा तसा दिसत होता. येताजाता मी उगाच तिथे थांबायला लागलो.

ठरलेल्या सकाळी सगळी बिल्डिंग काठावर जमली. सहा जणांनी होडी उचलून पाण्यात सोडली. मी बसलो, बांबूने रेटा दिला. काठापासून थोडी पुढे गेली आणि फळी चिखलात रुतली. पुन्हा रेटलं. हलेना. मी खिशातला कागद काढला.

मॅनेजर काठावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झील में कोई खराबी नहीं. भाईसाब ने नाव नहीं, अलमारी बनाई है."

लोक हसले. कुणीतरी विचारलं, "दरवाज़े किधर खुलते हैं?"

बायको मराठीत ओरडली, "लक्ष देऊ नका! कागद द्या त्याच्या हातात!"

मी चिखलात उतरलो होतो. "अलमारी किसको बोला?" होडी बाहेर ओढून काढली, उलटी केली आणि सुताराला करवत आणायला सांगितलं.

"साहब, सोच लो," तो हळूच म्हणाला.

"काट!"

त्याने फळी तळालगत कापली. निळ्या रंगातून एक पांढरी, उघडी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तिच्यावर डांबर फासलं आणि होडी परत पाण्यात घातली. ती तरंगली. मी, सुतार आणि दोन शेजारी, एवढे बसलो. पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो, आत पाण्याचा थेंब नाही.

"अब बोल, अलमारी है?"

"नहीं जी. बहुत बढ़िया नाव है," मॅनेजर म्हणाला. "कितनी अच्छी चलती है." आणि त्याने स्वतःकडची प्रत उघडून माझ्यापुढे पेन धरलं.

होडी आधी अडली होती, हे मी अर्धा तास भांडून सांगितलं. आधी आणि नंतर असं कागदात कुठे लिहिलंय, ते त्याने विचारलं. नव्हतं लिहिलेलं. मी सही केली.

तळं गुडघाभरच राहिलं, उन्हाळ्यात तेवढंही नाही. त्या माणसाने मला फसवलं, असं मी आजही म्हणतो. बायको विचारते, "नेमकं कसं, ते तरी सांगा." मग माझं डोकं फिरतं.