माउझरच्या दस्त्यावरचं कुंकू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — कुणास ठाऊक.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी एम.एस. करताना मी आणि नागपूरचा दिगंबर एका म्हाताऱ्याच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. म्हाताऱ्याचं नाव वॉल्टर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत लढला, आणि येताना एक जर्मन माउझर रायफल घेऊन आला. ती खाली त्याच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर असायची.

तिच्याबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. पहिल्या युद्धातली माउझर लांबलचक, खंदकात वळवताना अडायची. म्हणून पुढे आखूड केली. त्याची रायफल युद्धाच्या सुरुवातीची — बारक्या स्क्रूवरसुद्धा नंबर ठोकलेला. शेवटी शेवटी जर्मनांना तेवढी फुरसत उरली नाही, म्हणायचा. पण त्याचा जीव होता तो लाकडी दस्त्यावरच्या एका काळपट, गुळगुळीत डागात. आधीच्या मालकाचा हात घासून घासून पडलेला. ‘त्या पोराला मी मारलं,’ एकदा मला म्हणाला. ‘त्याचं एवढंच उरलंय.’ ती जागा तो फडक्यानेही पुसत नसे.

आणि मी काय केलं?

खंडेनवमी आली. वॉल्टर बहिणीकडे गेलेला, कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. दिगंबर लॅबमध्ये. भक्तीबिक्ती काही नव्हती हो — घरी फोटो पाठवून मिरवायचं होतं. आमच्याकडे दरवर्षी पुजायचं काय, तर विळी आणि पकड! इथे खरंखुरं शस्त्र. दिगंबरच्या देवांपुढचं कुंकू घेतलं, ओलं केलं आणि दस्त्यावर बोटं ओढली. फोटो झकास आला. कुंकू मात्र लाकडात मुरलं, पुसलं जाईना. मग मी — मेकॅनिकल इंजिनिअर ना! — पॉलिश पेपर आणला आणि घासलं. लाल गेलं. तो डागही गेला.

वॉल्टर परत आला. पांढऱ्या पडलेल्या लाकडावरून नुसता अंगठा फिरवत राहिला. एका फटीत थोडं कुंकू राहून गेलं होतं. हे काय, त्याने विचारलं. आम्हा दोघांत रोज कपाळाला कुंकू लावणारा एकच होता. मी म्हणालो, त्या दिवशी किल्ली मी दिगंबरकडे दिली होती.

भीती वाटली म्हणून? वाटली असेल. पण तो हलकटपणा होता, दुसरा शब्द नाही.

‘त्याला जायला सांग. मला त्याचं तोंड बघायचं नाही,’ वॉल्टर म्हणाला. वर जाऊन मी दिगंबरला सांगितलं, म्हाताऱ्याला आपल्यासारखे काळे लोक घरात नकोत. ‘मग यार, तुझं काय?’ त्याने विचारलं. मी पण बघतोय दुसरीकडे, म्हणालो. भर सेमिस्टरमध्ये तो बॅगा उचलून गेला. मी डिग्री मिळेपर्यंत तिथेच राहिलो, वॉल्टरच्या हातची कॉफी पीत.

वॉल्टर केव्हाच वारला. दिगंबर आता फ्रिस्कोला असतो, आमची मैत्री टिकून आहे. त्या गोऱ्या म्हाताऱ्याचा किस्सा तो प्रत्येक पार्टीत सांगतो, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो. मागच्या दिवाळीत त्याच्या मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘काका, वॉज ही रिअली दॅट बॅड?’

दिगंबर तिथे नव्हता. कुणीच नव्हतं. मी तिला म्हणालो, बाबा सांगतो त्याहून वाईट होता.