सौद्यात थुंकलेला दाणा

माझा बेदाणा घेणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्याने मला फसवले. माझ्या बेदाण्यात सडका माल मिसळून तो माझ्याच नावाने विकला. मी हे सांगलीच्या मासिकात मराठीतून छापले, तर त्याने तिकडच्या कोर्टातून माझ्याविरुद्ध बदनामीचा निकाल आणला. तिकडचा निकाल इथल्या कोर्टातून वसूल करता येतो, म्हणून आता त्यावर माझे घर जप्त करायला निघालाय.

काल सांगलीच्या बाजारात सौद्यात, म्हणजे लिलावात, एका खरेदीदाराने माझा दाणा चाखून थुंकला. "शेठ, बेदाणा म्हणायचा की चिंच?"

"तुझी जीभच आंबट!" मी खेकसलो. तरी चढी बोली त्यानेच लावली. आमच्याकडे मालाला नावे मालकाच्या तोंडावर ठेवतात, त्यासाठी कोणी कोर्टात जात नाही.

परक्या निकालापासून आपल्या माणसाचे बोलणे राखणारे कायदे काही देशांनी केलेत; आपल्याकडे तसा नाही. मी खोटा असेन तर सांगलीत सिद्ध करा. दिल्लीत कायदे करणाऱ्यांनो, माझ्या तोंडाला लंडनचे कुलूप का, याचा जबाब द्या.