पिठावरचा बूट

आमचा गिरणीवाला दळण टाकतो आणि मोबाइलवर एकाच दिग्दर्शकाचे, डोकं चक्रावणारे सिनेमे बघतो. मग थांबलेल्या बायांना सांगतो, "काय डोकं हाय मावशी त्या मानसाचं! बाई म्हनती घरात कुनी येतंय, नवरा म्हनतो भास हाय. अन् खरंच येत असतंय! म्या नुसत्या हललेल्या पडद्यावरून वळखलं."

त्याची बायको किती दिवस सांगत होती, गिरणीमागच्या ओट्यावर चढून कोणीतरी न्हाणीत डोकावतं. हा सगळ्यांदेखत हसला. "हिला भास व्हायला लागल्यात."

काल दळण देऊन मी मागं जाऊन पाहिलं. ओट्यावरच्या उडालेल्या पिठात बुटाचा ठसा होता. हा तर दिवसभर अनवाणी असतो. तेवढ्यात नवा सिनेमा सांगत तो झाडू घेऊन आला. मी दळणाचा रिकामा डबा ठशावर पालथा घातला.

"झाडू ठेव. आधी बायकोला बोलव."

ती आल्यावर मी डबा उचलला. "आता हिच्यासमोर बोल, भास कुनाचा व्हता?"

त्यानं ठसा पाहिला, मोबाइल बंद केला आणि तिच्याकडे बघायचं टाळलं. ती रडत नव्हती. ठसा पुसला जाऊ नये म्हणून तिनं त्याच्या हातातला झाडू काढून घेतला.