तांब्यांच्या अमेरिकन विहीणबाई

तांब्यांच्या विहीणबाई अमेरिकन होत्या आणि मराठी बोलताना ‘हाय’, ‘न्हाई’ म्हणायच्या. त्यांच्या मुलीने तांब्यांच्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाशी लग्न केलं होतं. नात झाली तेव्हा त्या सहा महिन्यांसाठी आमच्या धायरीच्या सोसायटीत राहायला आल्या. तांबेकाकूंनी त्यांना शुद्ध मराठी शिकवायला घेतलं, पण काकू फक्त चुका दाखवायच्या. गप्पा मारायची ती सुनंदा, त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणारी, गावठाणातली. मग भाषा सुनंदाचीच आली. सोसायटीत सगळे त्यांना विहीणबाईच म्हणत. हे आपल्याला मिळालेलं काहीतरी पद आहे, अशी त्यांची बरेच दिवस समजूत होती.

वय बहात्तर, अंगात सुती कुडता, पायात धावण्याचे बूट आणि गुडघे कामातून गेलेले. तिकडे त्या त्यांच्या गावच्या नगरसेविका होत्या. त्याआधी कारखान्यातल्या बायकांसाठी रस्त्यावर बसल्या होत्या, तीनदा अटकही झाली होती. काकूंनी हे शक्य तितके दिवस लपवलं. शेवटी ते चेअरमनसाहेबांच्या कानावर गेलं आणि ते हरखले. साहेबांना अमेरिकेतल्या आंदोलनांबद्दल फार आदर. तिथल्या मोर्चाने सिंहगड रोड अडत नाही.

त्यांनी महिला दिनाला बाईंचं भाषण ठेवलं. “तीन वेळा अटक झालेलं व्यक्तिमत्त्व आपल्या सोसायटीला लाभलंय,” असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. बाई इंग्रजीत बोलल्या. सेक्रेटरी म्हणून भाषांतर माझ्याकडे. अन्यायाविरुद्ध उभं राहण्याबद्दल त्या बोलत होत्या तोवर मी उत्तम भाषांतर केलं. शेवटी त्यांनी विचारलं, की तुमच्या लिफ्टशेजारी ती पाटी का आहे?

पाटी अशी होती : ‘घरकाम करणाऱ्या महिलांनी जिन्याचाच वापर करावा. आदेशावरून.’ मजकूर माझा. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. ज्यांना आम्ही घरात मावशी म्हणायचो, त्यांच्यासाठी ती होती.

“त्या म्हणतायत, आपली लिफ्ट फार स्वच्छ आहे,” मी सांगितलं.

“मी असं म्हनले न्हाई,” विहीणबाई माइकवर म्हणाल्या.

मागे चहाचे कप भरत असलेली सुनंदा फिस्सकन हसली. चेअरमननी घाईघाईने आभार मानले.

दुसऱ्या दिवसापासून बाई मावश्यांबरोबर जिन्याने येऊ-जाऊ लागल्या. तांबे सातव्या मजल्यावर. प्रत्येक मजल्यावर त्या कठडा धरून थांबत, सुनंदा त्यांच्यासाठी थांबे. चेअरमन समजावायला गेले, “अहो, आपल्याला कुठे मनाई आहे? आपण लिफ्टनेच जायचं.”

“सुनंदाला बी गुडघे हायेत,” त्या म्हणाल्या आणि चढू लागल्या.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांच्या जिद्दीला भरभरून अंगठे मिळाले; त्यातले बरेच लिफ्टमधून आले असावेत. काकूंनी मात्र ‘आमच्या विहीणबाईंचे विचार त्यांचे वैयक्तिक आहेत’ असा खुलासा टाकला. पण रोज संध्याकाळी विहिणीच्या सुजलेल्या गुडघ्यांना तेल लावायची वेळ काकूंवरच येई. दहाव्या दिवशी काकू स्वतः जिन्याने निघाल्या. “आता तेल मला कोण लावणार?” एवढंच म्हणाल्या.

अखेर सभा बोलवावी लागली. बाई सभासद नव्हत्या. मागच्या खुर्चीवर गप्प बसल्या. चेअरमननी विचारलं, “पाटी राहावी असं कोणाकोणाला वाटतं?” हातच हात. “नको कोणाला?” तांबेकाकूंचा एकटा हात वर गेला. दुसरा माझा होता असं लिहायला मला आवडलं असतं. मी इतिवृत्त लिहिण्यात गुंतलो होतो.

सोमवारी एकही मावशी आली नाही. “लिफ्ट चालू झाली की येतो,” सुनंदाने गेटवरूनच कळवलं. लिफ्ट चालूच आहे, हे तिला समजावून सांगायला कोणी धजलं नाही. बुधवारपर्यंत चेअरमनसाहेबांच्या घरी कुकर घासायचं कोणाला जमेना. गुरुवारी मीच पाटी उतरवली. ‘तांत्रिक कारणास्तव’ असं इतिवृत्तात लिहिलं. लोक अभिनंदन करायला गेले, तर विहीणबाई म्हणाल्या, “माजं कशाला? तिकडं जावा,” आणि सुनंदाकडे बोट दाखवलं.

व्हिसा संपला. निघायच्या सकाळी त्या लिफ्टने खाली उतरल्या, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला सुनंदा. टॅक्सीत बॅगा चढत होत्या तेवढ्यात मी पुढे झालो.

“विहीणबाई, त्या दिवशी सभेत माझं चुकलं.”

आमच्याकडे अशा वेळी माणसं ‘अहो, असू द्या, चालायचंच’ म्हणतात. मीही त्याचीच वाट पाहत होतो. बाईंनी माझा हात हातात घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “व्हय. चुकलं.”

मग त्या टॅक्सीत बसल्या. पुण्यात साठ वर्षं काढली, दुसऱ्यांना तोंडावर सुनावणारी माणसं पैशाला पासरी पाहिली, मीही त्यातलाच. पण इतक्या प्रेमाने माझी चूक माझ्या पदरात घालणारं मला दुसरं कोणी भेटलं नाही.