यातोरच्या पावलाचा आवाज

यातोर पुढे धावायचा आणि आम्ही सगळे त्याच्या मागे. तो माझा नवरा म्हणून नव्हे, गटाचा वेग तोच धरायचा म्हणून. शर्यतीतही त्याचं काम हेच, दुसऱ्यांना ठरल्या वेगाने अर्ध्या वाटेपर्यंत न्यायचं आणि बाजूला व्हायचं. "नवरीला दारापर्यंत पोचवायचं," तो हसायचा, "आत जाणारा वेगळाच!"

आमच्या डोंगरावर पहाटे इतकं धुकं असतं की पुढचा माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. अनवाणी शाळेला पळत मोठा झालेला यातोर चवड्यावर उतरायचा, टाच मागाहून मातीला नुसती शिवून जायची. सुपात धान्य पाखडावं तसा आवाज. आमची पावलं आपोआप त्यात मिसळायची.

मग आमच्यातलाच किबोर परदेशात शर्यत जिंकून आला आणि आपले जाड तळव्याचे बूट यातोरला देऊन गेला. इथे बूट असेच हिंडतात, मोठ्याच्या पायातून धाकट्याच्या पायात. नको म्हटलं तर देणाऱ्याचा अपमान.

"हे बूट आहेत की उशा?" मी विचारलं.

"जळतेस," तो म्हणाला. "झोपेत धावल्यासारखं वाटतं गं यात."

तेच मला आवडलं नाही. थोड्याच दिवसांत धुक्यातला आवाज बदलला. धप्प. धप्प. त्याच बुटांत किबोर हरणासारखा पळायचा, पण यातोरचा पाय जन्मभर जमिनीला विचारून पडत आलेला. खाली गादी आल्यावर त्याने विचारणंच सोडलं. गुडघा ताठ ठेवून पाय लांब पुढे टाकू लागला, थेट टाचेवर. उजवा गुडघा दर पावलाला आत कलायचा. आणि मागे आम्ही, सवयीने त्याच तालात.

एका संध्याकाळी तो परातीत पाय धूत बसला होता. मी त्याच्या उजव्या नडगीवर अंगठा दाबला.

"दुखतंय?"

"छे."

चेहरा शांत. इथल्या पुरुषाच्या चेहऱ्याला काही विचारू नये. पोरपणी सुंतेच्या सुरीखाली ज्याची पापणी लवली, त्याला बरोबरीचे मरेपर्यंत भित्रा म्हणतात. यातोरची लवली नव्हती. पण परातीतल्या पाण्यात त्याच्या पायाची बोटं मुठीसारखी मुडपली.

"जुने पातळ बूट घाल, यातोर."

"शनिवारी परदेशचा माणूस बघायला येतोय. पसंत पडलो तर तिकडच्या शर्यतींत वेग धरायचं वर्षभराचं काम. या बुटांत मी किबोरसारखा दिसतो."

"हाड मोडल्यावर कुणासारखा दिसशील?"

"चुलीवर उगाली करपतेय, तिकडे बघ."

शनिवारी धाव सुरू व्हायच्या आधी मी आमच्या धावण्याच्या शिक्षकांना सगळ्यांसमोर गाठलं. "तुवेईकाका, याची नडगी बघा. आतून काहीतरी होतंय."

पोरं खिदळली. "काय रे यातोर, बायको घरी पाय चेपत नाही वाटतं? काकांवर ढकलतेय!"

काका वाकले. मोज्यावरूनच नडगी दाबली आणि वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "दुखतं?"

"नाही, काका."

"तोंड नका बघू, बोटं बघा!" मी म्हणाले.

"बोटं बुटात आहेत, पोरी," काका उठले. "आणि बूट झकास आहेत."

निघालो. चढ सरला आणि रस्ता केरियोच्या दरीकडे घसरला. उतारावर त्याची टाच घणासारखी पडू लागली. वेग धरणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावायचा नाही, असा आमचा रिवाज. मी तो मोडला.

"थांब. पाया पडते."

"मागे हो," तो न वळता म्हणाला. "लोक बघतायत."

मी मागे झाले.

पुढच्या वळणावर वाळकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला. सगळा गट जागच्या जागी थबकला. यातोर मात्र आणखी एक पाऊल गेला आणि नाडी बांधायला बसावं तसा रस्त्याकडेला बसला. नडगीला जिथे वळण नसतं, तिथे वळण आलं होतं.

मागून येणारे काका मोटरसायकल टाकून धावत आले. "अरे, विचारलं होतं ना मी! सांगायला काय झालं?"

"सांगितलं की," यातोर म्हणाला. "दुखत नाही."

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मान घामाने थंडगार झाली होती. "आता तरी ओरड," मी कानात म्हटलं. "माझ्यासाठी ओरड."

तो आभाळाकडे बघत राहिला. पापणी लवली नाही.

मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "याला म्हणतात पुरुष!"