सरांच्या खिशातला गूळ

आदरणीय बिराजदार सरांची आणि माझी ओळख पायांवरून झाली. पोलीस भरतीच्या सरावाला मी अहमदपूरच्या मैदानावर पहिल्यांदा गेलो, तेव्हा सरांनी आधी माझे पाय बघितले. "बूट कुठंयत?" "न्हाईत, सर." "मग आज बस." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे जुने बूट आणले. पुढे कागद कोंबून मी ते वर्षभर वापरले.

मी नववीपर्यंत शिकलेला. एका जागी टिकत नाही. सध्या गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर आहे. सरांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात मोठी माणसं लिहितील, पण एक गोष्ट मलाच लिहावी लागेल.

माझा सरावातला जोडीदार गजू मैदानावर पडला आणि त्यातच वारला. गावात अजून म्हणतात, सरांनी उपाशी पोराला पळवून मारलं. ते खोटं आहे. गजूला साखरेचा आजार होता, तो इन्सुलिनची सुई घ्यायचा. भरती हुकेल म्हणून त्यानं सरांपासून लपवलं होतं. मला माहीत होतं. त्या सकाळी तो सुई घेऊन, काही न खाता आला. हात थरथरत होते, बनियन घामानं भिजलेलं. माझ्याकडे बिस्किटाचा पुडा होता.

"दे की दोन."

"येडा झाला का? साखरेवाल्याला गोड?"

"लई डॉक्टर झालास," असं म्हणून तो हसला आणि शिट्टीला पळाला. दुसऱ्या फेरीत पडला, अंगाला झटके येऊ लागले. मिरगी समजून आम्ही त्याला चप्पल हुंगवली. सरांनी त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, तिथून लातूरला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

सुई घेऊन काही न खाल्ल्यानं साखर एकदम उतरली होती, वेळेवर गोड मिळायला हवं होतं, हे डॉक्टरांनी सरांना सांगितलं. पण गजूच्या आईनं, सुभद्राकाकूंनी, सरांचे पाय धरले. "आजाराचं नाव काढू नका, सर. धाकटीचं लगीन व्हायचंय." सर गप्प राहिले. लोकांनी त्यांच्या दारात शिव्या दिल्या, मैदान ओस पडलं, तरी गप्प. मी पुड्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "कसूर तुझा न्हाई. तुला कुणी शिकिवलंच न्हाई."

तेव्हापासून सर तेच शिकवून राहिलेत. हळूहळू पोरं परत आली, साखरेची वयस्कर माणसंही येऊ लागली. सर एकेकाला बाजूला घेऊन विचारतात, "सुई घेता? गोळी? खाऊन निघालात का?" साखर तपासल्याशिवाय सुईवाल्याला पळू देत नाहीत, एकट्याला जाऊ देत नाहीत. थरथर सुटली की थांबायचं, लगेच गोड खायचं. त्यासाठी त्यांच्या खिशात गुळाचे खडे असतात.

"सर, परसाद वाटता का?" एका आप्पांनी चेष्टा केली.

"हाव आप्पा. पण थरथरल्याबिगर मिळत न्हाई."

मागच्या महिन्यात मी काकूंना फोन केला. पुड्याचंही सांगितलं. काकू म्हणाल्या, "पोरीच्या सासरी आता सगळं ठाऊक हाय. लिही तू. सरांनी आमच्यापायी लई सोसलं."

म्हणून लिहिलं.

सर साठ वर्षांचे होत आहेत. दोन वर्षांपासून त्यांनाही साखर आहे. त्यांचे डोळे आणि पाय शाबूत राहोत. मी लांब आहे, रोज सकाळी फोन तेवढा करतो. "सर, खाऊन निघालात का?" ते म्हणतात, "हाव. खिशात गूळ बी हाय." हा फोन मला अजून पुष्कळ वर्षं करायला मिळो.